आठवं धुराडं

१९७९च्या माघात ओव्हरसिअर तुलाराम पवनीतली तिमजली इमारत तपासायला आला. भाडेकरूंसाठीच म्हणून १९१२ साली बांधलेली. चुन्यातली वीट, सागवानी खांब, प्रत्येक मजल्याला लांबलचक व्हरांडा. राहण्याजोगी आहे की पाडायची, एवढंच त्याला लिहून द्यायचं होतं. आत सात बिऱ्हाडं, सात चुली. छपराच्या कवेलूंवर चढून त्याने धुराडी मोजली, तर आठ.

आठव्यातून धूर निघत होता. वास चिन्नोर तांदळाच्या भाताचा.

त्याच्या बरोबर खाली, मधल्या मजल्यावर शकुनबाईची खोली. तिथे चूल नव्हतीच, चार फूट जाडीची नुसती भिंत. तुलारामने तळवा टेकवला. भिंत तापलेली होती.

"हिच्या मांगं कोन रांधते?"

शकुनबाई तांदूळ निवडत होती. या खोलीत तिला चाळीस वर्षं झाली होती.

"नाव नाई मालूम. मी लगन होऊन आली, तवाबी रांधतच होती."

"भेव नाई लागत?"

"कायले? तिचं ती रांधते, आमचं आमी." मग सूप बाजूला ठेवून ती हळूच म्हणाली, "भिंत फोडू नका, साहेब. तिनं जावं कुठं?"

तुलाराम घुटमळला. पण तापती भिंत तशीच ठेवून सही केली आणि उद्या आग लागली, तर सात घरं होरपळायची. दुसऱ्या दिवशी त्याने ताराचंद मिस्त्रीला बोलावलं. दुपारपर्यंत भिंत आरपार फुटली.

आत पोकळी नव्हती. धुराड्याची नळीसुद्धा नव्हती. विटेला वीट. मधल्या विटा तेवढ्या काजळलेल्या, हातात धरवत नव्हत्या.

वरचा धूर थांबला होता.

"आता बिनघोर राहा," तो म्हणाला. शकुनबाईने व्हरांड्याकडे बोट केलं. तिथे शेजारणी आपापली भाताची पातेली, गंज घेऊन उभ्या होत्या. पाणी उकळून आटलं होतं, तांदूळ कच्चाच. सातही घरी तसंच.

तुलाराम मान खाली घालून जिना उतरला.

दिवेलागणीला तो भंडाऱ्याला घरी पोचला. बायको रुखमिणी स्टोव्हला पिन मारत होती.

"दुपारी पवनीची एक बाई आली. तुमीच धाडलं म्हने."

"मी?"

"चुलीपुरती जागा मांगत होती. मी म्हटलं, मांगची खोली खालीच पडून हाय."

तुलारामने चपला काढल्या नाहीत.

"गेली?"

"जाईन कुठं? ओटीत तांदूळ घेऊनच आली."

मागच्या दाराआडून ओल्या मातीचा वास येत होता. आत कोणीतरी हलक्या हाताने सारवत होतं.