लवंगेचं तेल

"दाढ दुखतेय का?" मी त्याला विचारलेला पहिला प्रश्न हा. आता वाटतं, तोंड मिटून तशीच माघारी फिरले असते तर बरं झालं असतं.

दवाखाना सुटला की चर्चमध्ये मेणबत्ती लावायची, हा माझा रोजचा नेम. त्या दिवशी वेदीमागे शिडीवर एक चित्रकार उभा होता आणि त्याच्याभोवती लवंगेच्या तेलाचा वास होता. दातांच्या डॉक्टरांकडे दिवसभर तोच वास घेणारी मी दुसरं काय विचारणार?

त्यानं गालावर हात ठेवला. "फार दुखतेय..."

"कुठली?"

"तुम्ही म्हणाल ती."

मग रोज संध्याकाळी दाढेची चौकशी सुरू झाली. तो मोठं तैलचित्र काढत होता — रिकाम्या कबरीपाशी रडणारी मग्दालीया मरीया, आणि तिच्या मागे उभा येशू.

"प्रार्थना कधी करता?" मी एकदा छेडलं.

"गुडघे टेकले की मला डुलकी लागते," तो हसला. "ब्रश हातात घेतला की मात्र देव समोर असतो. हीच माझी प्रार्थना." मग हळूच म्हणाला, "हे चित्र वाळलं की मी मठात जाणार. कायमचा. तसा शब्द दिलाय त्याला."

मी हसण्यावारी नेलं. पण त्या दिवशी मेणबत्ती लावायची राहूनच गेली.

मरीयेचा चेहरा काही पुरा होईना. शेवटी फादर माझ्यापाशी करवादले, "दोन महिने झाले, चेहरा ओलाच! पठ्ठ्या रंगात लवंगेचं तेल घालतोय. त्यानं रंग वाळत नाही. मग घालायचं कशाला?"

म्हणजे दाढ ठणठणीत होती! मी तडक चित्रापाशी गेले, आणि पहिल्यांदाच तो चेहरा जवळून पाहिला. माझाच होता. तो शेजारीच ब्रश पुसत उभा होता.

"लबाड! आणि मी रोज मिठाच्या गुळण्या सांगत होते..."

"केल्या ना मी. रोज."

मला हसू फुटलं. त्याला नाही.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "म्हणून रोज पुसायचो, रोज नव्यानं रंगवायचो. पण किती दिवस देवाला दारात ताटकळत ठेवू?"

"आणि मी?... नको ना जाऊस." लाजबिज सगळी सोडून मी म्हणाले.

लवंगेच्या तेलाची बाटली त्यानं माझ्या हातात दिली. "दवाखान्यात उपयोगी पडेल." मग शिडी चढला आणि नुसत्या जवसाच्या तेलातल्या, वाळणाऱ्या रंगानं तो गाल शेवटचा रंगवला. मग ब्रश ठेवून त्यानं स्वतःच्या गालावर हात ठेवला.

"दुखतंय?" मी खालून विचारलं.

"खूप."

आठवड्यानं तो गेला. शिडी अजून तिथंच होती. मी चढले. मरीयेच्या गालावरचा अश्रू इतका ओला दिसत होता की मी बोट लावून पाहिलं.

कोरडा ठणठणीत होता.