पट्टी काढायची नाही

हे खरं घडलंय. तिखटमीठ लावून सांगायला मला वेळ नाही, आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

भूत रात्रीच येतं, हे कुणी ठरवलं? आमच्याकडे भर दुपारी आलं. सुट्टीचा दिवस, संशोधन संस्थेचा वरचा मजला, कॉम्प्युटरची थंडगार खोली. तिथली मशिनं मी सांभाळते.

दादानं, म्हणजे माझ्या सख्ख्या भावानं, तिथे एक पाइपलाइन लिहिली होती. एकामागून एक चालणारे प्रोग्रॅम. एका टोकाला दुर्बिणीतून आलेली आकाशगंगांची मोजमापं घालायची, दुसऱ्या टोकाला एकच आकडा... विश्व किती वेगानं फुगतंय, त्याचा.

पण त्या आकड्यावर पट्टी असते, डोळ्यांवर बांधतात तशी. प्रोग्रॅमच त्यात एक गुप्त संख्या मिसळतो. का? तर हवं ते उत्तर दिसलं की माणूस तपासायचं सोडून देतो. म्हणून आधी सगळ्या तपासण्या, मगच पट्टी काढायची.

तपासण्या अर्ध्यावर असताना दादा गेला. झोपेतच.

महिना झाला नाही तोच त्याच्या साहेबांनी मला गाठलं. आम्ही त्यांना सर म्हणतो.

"नव्या मशीनवर सगळं बसव. आणि पट्टी काढ. परिषदेत आकडा सांगायचाय मला."

"सर, तपासण्या राहिल्यात."

"तुझा भाऊ फार सोवळा होता. तू नको होऊस."

तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा!

तरी बसवलं सगळं. सर शेजारी उभेच. एकेक प्रोग्रॅम सुरळीत चालला. पट्टी काढायच्या आज्ञेपाशी मी आले, आणि...

"अंहं."

मागून आला आवाज. दादाच्या खुर्चीतून.

लहानपणी माझं गणित चुकलं की तो अस्संच करायचा.

मी गर्रकन वळले. खुर्ची रिकामी.

सरांनीही ऐकलं होतं. तोंड पांढरंफटक पडलं त्यांचं.

"माझा हात लागणार नाही," मी म्हटलं.

"सरक बाजूला!" त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

आणि... मशीनचे सगळे पंखे गप्प झाले.

पाती फिरत होती. दिवे लुकलुकत होते. आवाज तेवढा नव्हता.

आकडा आला. सरांनी खुशीत फळ्यावर लिहिला. खात्रीसाठी पुन्हा चालवलं.

वेगळाच आकडा.

पुन्हा... आणखी वेगळा. माहिती तीच, मशीन तेच, एका अक्षराचा बदल नाही!

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना कळवलं, पाइपलाइनच भिकार आहे, लिहिणारा कच्चा होता. चोराच्या उलट्या बोंबा! गेलेल्या माणसाचं नाव मातीत घालताना जीभ कशी झडली नाही यांची?

दादावरही चिडले मी. तुझ्या हट्टापायी तुझंच नाव गेलं ना, मूर्खा!

मग मी नवी गुप्त संख्या घालून पट्टी परत बांधली आणि उरलेल्या तपासण्यांना भिडले. वहिनी रोज फोन करायची.

"जेवलीस का गं?"

"नाही. तुझ्या नवऱ्याचं निस्तरतेय."

आज तपासण्या संपल्या. वहिनी माझ्याशेजारी येऊन बसली. मी पट्टी काढली.

आकडा आला. पुन्हा चालवलं. तोच. पुन्हा... तोच.

वहिनीला रडू फुटलं. "राहिलं गं त्याचं नाव."

मी मात्र मागे कान लावून बसले होते.

काहीच नाही... पंखे नेहमीसारखे घरघरत होते.

"बरोबर आहे का रे?" मी ओरडलेच. "बोल ना आता! तेव्हा बरा कंठ फुटला होता!"

वहिनीनं दचकून मागे पाहिलं. खुर्चीतून हूं नाही की चूं नाही.

उत्तर बरोबर आहे म्हणून तो गप्प आहे, की आता तो तिथे नाहीच?

उद्या हा आकडा त्याच्या नावानं जगापुढे जाणार आहे. आणि चुकला असेल, तर मला सांगणारं कुणी नाही.