बापाच्या फळीला तेल

तुम्ही माझ्या बापाला अडवून ठेवलंय.

हो, तुम्हीच. जिल्ह्याच्या कचेरीत बसून आमच्या किल्ल्यातल्या म्युझियमच्या कागदांवर सह्या ठोकणारे. नाव लिहीत नाही. वाचलंत की कळेल.

बाकीच्यांनी ही रचलेली गोष्ट समजू नये. हे घडलंय. बव्हेरियाच्या डोंगरात, हिर्शेनएकच्या किल्ल्यात, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी साडेचारला.

आमच्याकडे माणूस गेला की त्याला फळीवर निजवत. दफन झालं की त्याच फळीवर नाव कोरून ती पायवाटेला उभी करत. पावसाबर्फात ती कुजायची. कुजू द्यायचीच असते. फळी मातीला मिळाली की जीव सुटला.

माझा बाप क्विरीन लाकूडतोड्या. ओंडक्याखाली गेला तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्याची फळी निम्मी कुजली होती. नऊ वर्षांपूर्वी तुमची माणसं आली. 'जतन करतो' म्हणाली. सही मी केली. बदल्यात मला किल्ल्यात नोकरी मिळाली.

काम काय? दालनं झाडायची. आणि दर फेब्रुवारीत फळीला तेल लावायचं, कुजू नये म्हणून.

नऊ वर्षं मीच लावलं. या हातांनी.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. एक्क्याण्णव वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. तिला वाटायचं फळी अजून वाटेवरच आहे. रोज विचारायची, "कुजली का गं?"

मी म्हणायचे, "होतंय, आई."

त्या मंगळवारी सकाळी मी तेल लावलं. ते सुकायला तीन दिवस लागतात. बाहेर धुकं. दिवसभरात अकरा माणसं आली. जुनी लाकडी जमीन खरवडू नये म्हणून आम्ही प्रत्येकाला बुटांवर जाड लोकरीच्या सपाता चढवायला लावतो. जाताना त्या खुंटीवर परत.

"एक जोड कमी आहे," तिकिटावरचा आल्बान म्हणाला. "वर एखादा म्हातारा पेंगत असेल. हलव त्याला रोसीना, नाहीतर साहेब लोक त्यालाही मांडून ठेवतील."

मी हसत वर गेले.

पहिला मजला रिकामा.

दुसऱ्याच्या जिन्यावर ऐकू आलं... सर्र... सर्र...

सपाता घासल्याचा आवाज. कोणी चालतंय म्हणावं, तर आवाज जवळ येईना, लांब जाईना. एकाच जागी.

सर्र... सर्र...

मी फळीच्या दालनाच्या कडीला हात लावला.

आवाज थांबला.

आत कोणी नव्हतं. खिडक्या बंद. दार एकच, आणि त्यात मी उभी.

वास मात्र होता... ओल्या सालीचा, ताज्या भुशाचा.

फळीसमोर सपातांचा जोड होता. चवडे भिंतीकडे. आत बर्फ. त्या उबदार खोलीत, न वितळलेलं.

मी फळीला हात लावला.

कोरडी.

खालून वर, पार त्याच्या नावापर्यंत कोरडी. वरचा वीतभर भाग तेवढा चकाकत होता. तिथवर पोचायच्या आत मी आले होते.

सपाता उलट्या केल्या. तळ तेलाने तपकिरी झाले होते. कोणीतरी त्या हातात धरून फळी पुसत होतं.

खाली आल्बानने वही दाखवली. अकरा आत, अकरा बाहेर. त्या दिवसापासून तो माझ्याशी चेष्टा करत नाही.

घरी गेले. कोटसुद्धा काढला नव्हता.

"पोरी," आई भिंतीकडे बघत म्हणाली, "तो म्हणतो, हात दुखतात."

मी तिच्या उशाशी बसले.

"थांबव ते तेल," ती म्हणाली. "तो इथेच राहणार असेल, तर मी वर जाऊन काय करू?"

तेव्हापासून ती सूपही दोन चमचेच घेते. मी तेलाचा डबा उघडलेला नाही. नोकरीवरून काढायचं तर काढा. पण रोज संध्याकाळी एक जोड कमी भरतो, आणि रोज मी तो त्याच जागेवरून उचलून आणते. ओला.

आता तुमचं पत्र आलंय. एक मेपासून फळी हवाबंद काचेत. म्हणे पाचशे वर्षं काही होणार नाही.

पाचशे वर्षं.

मी तीन पत्रं पाठवली. तुमच्याकडून ओळ नाही. म्हणून इथे, चारचौघांत विचारते. काच बसवायच्या आधी लेखी सांगा.

माझी आई जायच्या आत माझ्या बापाला सोडणार, की नाही?