चौदावं नाव

पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं आणि दिव्याच्या वाती घेऊन थोरली घरी आली, तेव्हा उन्हं उतरली होती. दोरा धाकट्या बहिणीच्या बाळाच्या दुपट्यांसाठी होता. धाकटीचे दिवस भरत आले होते. ती दूर, दुसऱ्या गावी. सकाळीच तिचा फोन आला होता, "ताई, आजीची ती मऊ चादर आहे ना, तिचीच दुपटी शिव हं. दुसरं कापड नको."

थोरली "बरं" म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर आत कुठेतरी टाचणी टोचली. अकरा वर्षं आजीचं करताना त्या चादरीच्या घड्या घातल्या हिनं, आणि ऊब जायची तिकडे!

आजीला जाऊन दोन महिने झाले होते. ऐन तिशीत एकटी पडलेली बाई. इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुऊन तिनं चार लेकरं वाढवली. सोड्यानं हात सोलवटायचे. पण रोज तिन्हीसांजेला ती खिडकीजवळच्या वेताच्या झुलत्या खुर्चीत बसायची, दिवा लावायची आणि घरातल्या एकेकाला देवाच्या कानावर घालायची. चौदा माणसं. माझा मोटारवाला, माझी चष्मेवाली, माझा रुसूबाबा... शेवटची थोरली. ती लोकांचे कपडे शिवायची, म्हणून माझी शिवणवाली.

"खरी नावं का नाही गं घेत?" थोरलीनं एकदा विचारलं होतं.

"अगं, एका नावाची छप्पन्न माणसं! देवाला ओळख नको पटायला? माझं मागणं शेजारणीला देऊन बसायचा."

"आणि तुझं नाव?"

"ते तू घे. आपलं आपण मागायचं नसतं, बाई. आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडीच गोड लागतं."

सगळ्यांना कामाची, खोडीची नावं. धाकटीला मात्र 'माझी चिमणी'. धाकटीला गोवर आला तेव्हा आजीनं साखर सोडली, ती कायमची. थोरलीच्या काविळीत तिनं काय सोडलं, हे विचारायची थोरलीला कधी हिंमत झाली नाही. शेवटच्या आजारात ही चमच्यानं दूध पाजत होती. आजीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "चिमणी आली का?" मग बऱ्याच वेळानं हिचा हात चाचपून एवढंच म्हणाली, "नावं तू घे. एकही गाळू नकोस."

दोरा आणला त्या संध्याकाळी थोरलीनं दिवा लावला आणि रिकाम्या खुर्चीसमोर सतरंजीवर बसली. एकेक नाव घेत चिमणीपाशी आली, आणि जीभ अडली. सगळं तर मिळतंय हिला... नवरा, बाळ, आजीची माया, आता चादरसुद्धा. एक दिवस देवानं नाही पाहिलं तिच्याकडे, तर काय आभाळ कोसळतं? तिनं ओठ घट्ट मिटले आणि पुढच्या नावाकडे जाणार...

तोच वेत करकरला.

खिडकी बंद होती. तरी धुण्याच्या सोड्याचा वास आला, ओल्या कापडाचा, वाफेचा. मग घसा साफ केल्यासारखा बारीक ठसका. आणि रिकाम्या खुर्चीतून, दात नसलेल्या तोंडातून यावा तसा मऊ आवाज...

"माझी... चिमणी."

थोरलीच्या अंगावर सरसरून काटा आला.

"काय गं, कोणाशी बोलतेस?" बाहेरच्या खोलीतून बाबांनी विचारलं.

"कोणाशी नाही, बाबा..."

रात्रभर तिनं दिवा विझू दिला नाही. पण दिवस उजाडला तशी भीतीच्या खालून दुसरंच काही वर आलं. मेल्यावरसुद्धा धावून आली, तीही धाकटीसाठीच! मग माझ्यासाठी का नाही येणार?

दुसऱ्या संध्याकाळी तिनं तेराही नावं नीट घेतली, चिमणीचंही. चौदाव्या जागी गप्प बसली. वात सरत आली. खुर्ची मुकीच. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी तिनं मुद्दाम चिमणीला गाळलं. श्वासभरही उशीर झाला नाही. "माझी... चिमणी."

थोरली सतरंजीवरच कोसळली. "आणि मी गं? मी कोणाची?"

वात विझली तरी ती तिथंच पडून राहिली.

सकाळी धाकटीचा फोन आला. "झाली का गं दुपटी?"

"नाही झाली. चादर मिळायची नाही. सगळं तुलाच का लागतं गं? आजीसुद्धा सगळीच्या सगळी तुलाच!"

धाकटी हलकेच म्हणाली, "ताई, मी शेवटची येऊन गेले ना, तेव्हा आजीनं मला एक काम सांगितलं. म्हणाली, 'चिमणे, मी गेल्यावर शिवणवालीचं नाव तू घ्यायचं. ती सगळ्यांसाठी मागेल, आपल्यासाठी मागायची नाही. तिला उघडी ठेवू नकोस.' रोज घेते गं मी. दूध उतू गेलं तरी उठत नाही. नवरा हसतो, म्हणतो, देवाचा फोन लागला का..."

म्हणजे आजी फक्त गळलेलं नाव उचलत होती. हिचं गळालंच नव्हतं! तिकडे कोणीतरी रोज ते जपत होतं, आणि ही इकडे त्याच पोरीला देवाच्या दारातून ढकलत होती.

त्या दिवशी तिनं चादर कापली आणि दिवसभर बसून चार दुपटी शिवली. टाके इतके बारीक, की बाळाला काठ टोचू नये. तिन्हीसांजेला दिवा लावला. सगळी नावं घेतली. चिमणीचं दोनदा घेतलं, एकदा मागण्यासाठी आणि एकदा माफीसाठी. मग हात जोडून निवांत बसली. किती दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

वेत करकरला.

सोड्याचा वास. बारीक ठसका.

"माझी... शिवणवाली."

थोरलीचं तोंड लहान पोरीसारखं फुललं. या एका हाकेसाठी जीव किती तळमळला होता! ती खुर्चीकडे झुकली... आणि झुकल्या जागी गोठली.

आजी फक्त गळलेलं नाव उचलते.

म्हणजे आज तिकडे ते कोणी घेतलं नव्हतं.

तिनं धावत जाऊन फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. धाकटीच्या नवऱ्याला लावला. तिकडेही नुसती घंटा. बाबा दारात येऊन उभे राहिले. "काय झालं गं? अशी पांढरीफटक का पडलीस?" ती परत येऊन सतरंजीवर बसली, आणि टाक्यावर टाका घालावा तशी म्हणू लागली, "माझी चिमणी, माझी चिमणी, माझी चिमणी..." नाव तुटू द्यायचं नाही. नाव आहे तोवर आशा आहे.

दिवा मंद झाला. खुर्चीतून पुन्हा शब्द आला नाही.

फक्त खुर्ची हळूहळू झुलू लागली, आणि अंधारात कोणीतरी अगदी हलक्या हातानं, इवल्याशा पाठीवर थोपटावं तसं, थोपटू लागलं.