राहून गेलेली ढाल

मांडवीच्या वाटेवरच्या त्या एवढ्याशा दुकानाबाहेर पाटी होती – सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. ओमकार मात्र फॉर्म भरायला आलाच नव्हता. श्रावणातली सर चुकवायला तो आत घुसला. केसांतून पाणी ठिबकत होतं आणि मोबाइल मांजराच्या पिल्लासारखा शर्टाच्या आत धरलेला.

"लादी आत्ताच पुसलेय," दुकान सांभाळणारी राही म्हणाली.

"मग हवेत उभा राहू?"

तिला हसू आलं. ते लपवायला ती कॉम्प्युटरकडे वळली.

मोबाइलमध्ये एक पत्र होतं. बोटीवरच्या नोकरीचं. वेळणेश्वरहून तो त्यासाठीच रत्नागिरीत आला होता. पासपोर्टचे फोटो आजच धाडायचे होते. आता आलोच आहे, तर इथूनच धाडतो, म्हणाला. राहीने पत्रातली लिंक उघडली, आणि पत्त्याशेजारी लाल ढाल लुकलुकली.

"थांबा. ही साइट नऊ दिवसांपूर्वी जन्माला आलेय. आणि वर लिहिलंय, पंचवीस वर्षांचा अनुभव!"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ह्या ढालीनं. ब्राउझरमध्ये बसवलेय. पान खरं असलं तर हिरवी, खोटं असलं तर लाल. नेटवर आपल्या मागावर कोण आहे, तेही सांगते."

"तुमच्या मागावर कोण आहे, ते सांगते का?" ओमकारने विचारलं, आणि स्वतःच लाजला.

पाऊस थांबला. ओमकारही थांबलाच…

मग तो येत राहिला. कधी दाखला काढायला, कधी नुसताच. येताना कीबोर्डवर सोनटक्क्याचं फूल ठेवायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"पासवर्ड काय ठेवू गो? तुझं नाव ठेवतो."

"ओळखीचं नाव ठेवू नये."

"ओळख कुठे झालेय अजून…"

"गप बस रे मेल्या!"

त्याच्या मोबाइलवर ढाल बसवायची मात्र दर वेळी राहून जाई. कधी नेट नसे, कधी चार्जिंग. खरं म्हणजे ती राहून जावी असंच दोघांना वाटे. ती बसली असती, तर दुकानात यायला निमित्त काय उरलं असतं?

दिवाळी सरली आणि दुसरं पत्र आलं. तेही बोटीचं.

"तू बघ," स्टुलावर बसत ओमकार म्हणाला. "तू लाल म्हणालीस तर लाल. मी बघणारसुद्धा नाही."

राहीने लिंक उघडली. ढाल हिरवी झाली… भाताच्या रोपासारखी हिरवीगार. कंपनीचा परवानाही तिने सरकारी यादीत तपासला. होता.

तिचे वडील बोटीवर होते. वर्षातले दहा महिने ते घरात फोटोतच असत. तांदूळ निवडताना आई गुणगुणायची –

बोट गेली दूर, धूर रेघेच्या वाणी
वाट पाहता पाहता, खारं विहिरीचं पाणी.

राहीने स्क्रीन किंचित आपल्याकडे वळवली.

"लाल," ती म्हणाली.

एक शब्द. तोंडातून बाहेर पडला आणि परत घेता येईना.

ओमकारने पत्र तिथल्या तिथे पुसून टाकलं. संध्याकाळी जेटीवर तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "माझं नशीब पाण्यावर नाहीच बहुतेक. इथंच बघतो काहीतरी. तू आहेस ना…" तिने मान हलवली.

शिमग्याला वेळणेश्वरात पालखी नाचली. मुंबईहून चाकरमानी आले. ओमकारच्या शेजारचा नितेश तेवढा आला नाही. त्याच्या आईने, सावित्रीकाकूने, घरोघर पेढे वाटत मोबाइलमधला फोटो दाखवला. पोरगा बोटीच्या डेकवर उभा, मागे निळं पाणी, टोपीवर कंपनीचं नाव. दिवाळीनंतर त्यालाही तेच पत्र आलं होतं. तो कुणाला न विचारता थेट कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात गेला होता.

दुसऱ्या दिवशी ओमकार दुकानात आला. स्टूल पुढे होतं, तरी बसला नाही.

"नाव टाक," म्हणाला. कंपनीचं नाव सांगितलं.

राहीने टाकलं, साइट उघडली. ढाल हिरवी.

"आज झाली का गो हिरवी?"

'हो' म्हणता आलं असतं. ढाल कधी कधी चुकते, हेही खरंच होतं. तो विश्वास ठेवायला तयार उभा होता, तिला दिसत होतं ते. उलट तोच तर विनवत होता – म्हण ना, हो म्हण…

"तेव्हाही हिरवीच होती," राही म्हणाली. "तू गेला असतास, ओमकार."

"गेलो असतो. आणि परत आलो असतो. तुझ्याकडेच." तो म्हणाला. "तू म्हणाली असतीस ना, की जाऊ नको… तर राहिलो असतो गो. नुसतं म्हणायचं होतंस."

बाहेर रिक्षा गेली. कुणीतरी ओल्या काजूगरांचा भाव करत होतं.

ओमकारने खिशातून मोबाइल काढला आणि टेबलावर तिच्यापुढे सरकवला.

"ढाल बसवून दे."

"ओमकार…"

"आता माझं मलाच बघायला हवं."

नेट होतं. चार्जिंगही भरपूर होतं. श्रावणापासून राहून गेलेलं काम दोन मिनिटांत झालं.