उजवा ॲम्प आधी वाजतो

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाला गळ घालणार नाही. पण हे घडलंय, आणि ज्याच्या बाबतीत घडलंय तो माझा मामेभाऊ आहे. थापा मारायला जी कल्पनाशक्ती लागते ती दादाकडे नाही, हे खुद्द मामीसुद्धा सांगेल.

रविवारची दुपार. बाहेर लख्ख ऊन.

एका छापखान्याच्या वरच्या खोलीत त्याचा बँड सराव करायचा. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. आधी बँडमध्ये दोन गिटार होत्या. डावीकडे दादा, उजवीकडे त्याचा जिवलग मित्र. त्याला सगळे 'एक्सप्रेस' म्हणायचे, कारण ताल पडायच्या आत हा पुढे पोचलेला.

वर्षापूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला.

त्या रविवारी बँडच्या गायिकेने निर्वाणीचं सांगितलं होतं. "गाणं एका बाजूला लंगडतंय रे. आजच्या आज दोन्ही बाजू भरून दाखव, नाहीतर मी दुसरा गिटारवाला बोलावते."

एक्सप्रेसच्या जागी दुसरा? दादाच्या डोक्यात तिडीक गेली.

त्याने स्वतःचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, डाव्या भिंतीला लावला, एक्सप्रेसचा उजव्या. एकच गिटार दोन्हींना जोडली. प्रत्येकासमोर एक माईक.

वाजवलं.

आवाज काही पसरेना. सगळा मधोमध गोळा.

ॲम्प पार कोपऱ्यांत सरकवले. तेच. आता त्यात आणखी गुणगुण सुरू झाली. वायर बदलली. गुणगुण गेली, आवाज मात्र जागचा हलला नाही.

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" खिडकीत बसलेला ड्रमर म्हणाला.

"तू गप बस. नाहीतर ॲम्प उचलायला ये."

"बसतो बाबा."

मग दादाने कपाळावर हात मारला. दोन्हीकडे तंतोतंत एकच आवाज गेला, की कानाला तो मधूनच येतोय असं वाटतं. रुंदी हवी, तर दोन्हींत थोडा फरक हवा. एवढी साधी गोष्ट विसरलो! त्याने उजव्या ॲम्पच्या वाटेत एक पेडल जोडलं, आवाज किंचित उशिरा सोडणारं. आता डावा आधी वाजणार, उजवा निमिषभर मागून.

पुन्हा वाजवलं.

आणि खोली उघडली. आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"हेच! हेच हवं होतं!" गायिका ओरडली.

पण दादा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होता. दोन्ही माईकच्या लाटा एकाखाली एक दिसत होत्या.

उजवी लाट... आधी सुरू होत होती.

"वायरी उलट्या लावल्या असशील," ड्रमर म्हणाला.

त्याने एकेक वायर बोटाने चाचपली. बरोबर होत्या. पेडल काढूनच टाकलं. तरी उजवी आधी. त्याला भीती वाटली नाही, राग आला. दिवसभर हेच चाललं होतं. पेडल आवाजाला उशीर करू शकतं. वाजायच्या आधी वाजवू शकत नाही. कुठलंच यंत्र ते करू शकत नाही.

त्याने पुढचा सूर धरला. हात वर नेला...

आणि मुद्दाम तिथेच थांबवला.

उजव्या ॲम्पमधून तो सूर आला.

डावा गप्प होता.

"थांबलास का? छान चाललं होतं की," गायिका म्हणाली. तिची पाठ होती.

दादाने गिटार खाली ठेवली. "मला नाही जमत," तो म्हणाला. "बोलाव तू दुसरा कुणीतरी."

वर्षभर ज्या गोष्टीवरून तो सगळ्यांशी भांडला होता, तीच गोष्ट.

एक्सप्रेसचा ॲम्प दादाने त्याच दिवशी एक्सप्रेसच्या आईकडे पोचवला.

पुढच्या आठवड्यात गिटार वाजवणारी नवी मुलगी आली. हुशार, बडबडी. एक्सप्रेसबद्दल तिला कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिने स्वतःचा ॲम्प उजवीकडे मांडला आणि पार भिंतीला चिकटून उभी राहिली.

"अगं, एवढी कोपऱ्यात कशाला? जरा आत ये," ड्रमर म्हणाला.

"आत कशी येऊ? यांचा हात लागतो ना."

"कुणाचा?"

तिने शेजारी पाहिलं. मग दादाकडे.

भिंतीला आणखी चिकटली. सराव मात्र पूर्ण केला.

ती अजून बँडमध्ये आहे. अजून भिंतीलाच उभी असते. आणि दादाने तिला एकदाही आत बोलावलेलं नाही.

त्या रविवारचं रेकॉर्डिंग त्याने मला पाठवलंय. "तू विज्ञान शिकलीस ना, बघ काही सापडतंय का." मी लाटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. काही सापडलं नाही.

आता ऐकायचंच झालं, तर मी हेडफोन फक्त डाव्या कानाला लावते.