पन्हळीचा सांधा

मोबाइल खाली ठेवा बघू. एकदाच सांगणार आहे, आणि मध्ये कोणी हसलं तर मी सरळ झोपायला जाईन.

माझा एक मित्र रेडिओचा तंत्रज्ञ होता. सदा कुठल्या ना कुठल्या खांबावर चढलेला, म्हणून आम्ही त्याला कावळा म्हणायचो. गोष्ट गेल्या वर्षीची, मार्चमधल्या शेवटच्या शनिवारची. दुपारी त्याच्याकडे एक तक्रार आली. वस्तीच्या टोकाला दोन रेडिओ केंद्रं आहेत, मनोरे अगदी हाकेच्या अंतरावर. रेडिओवर जिथे हवामानाचं केंद्र लागायचं, तिथे ही दोन्ही केंद्रं एकदम बडबडायला लागली होती. वादळाचा इशारा कुणाला ऐकूच येईना.

कावळ्याला कारण ठाऊक होतं. मनोऱ्यांजवळ पत्र्याचा एखादा गंजलेला सांधा असला, की तो दोन्हीकडच्या लहरी पकडतो, त्यांची खिचडी करतो आणि तिसऱ्याच जागेवर सोडून देतो. दोन्हींपैकी एक केंद्र बंद पडलं, की खिचडी संपली. एवढं लक्षात ठेवा.

शोधत शोधत तो एका बैठ्या घराशी आला. छपराच्या कडेला पत्र्याची पन्हळ, आणि तिचा सांधा लालभडक गंजलेला. त्याने शिडी लावली, तशी आतून एक म्हातारी आली. काखेत रेडिओ.

"बाळा, तेवढा सांधा राहू दे."

"का हो आजी?"

"माझे दोन्ही मुलगे निवेदक आहेत. एक या केंद्रावर, एक त्या."

थोरल्याचा चालता कार्यक्रम धाकट्याने समोरच्या केंद्रात पळवून नेला होता. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि आईकडे गेलो तर दुसरा भेटेल, म्हणून दोघांनीही आईकडे येणं सोडलं होतं. शहाणे!

"इथे दोघं एकदम बोलतात रे," म्हातारी म्हणाली. "हा गाणं सांगतो, तो बाजारभाव. कळत काहीच नाही. पण घरात कुणीतरी आहे असं वाटतं."

कावळ्याने शिडी काढायला हात घातला. पण वादळात माणसं अडकली तर जबाबदार कोण? त्याने सांधा घासला, डाख देऊन पक्का केला. रेडिओवर हवामानाची बातमी स्वच्छ लागली.  म्हातारी रेडिओ घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं.

शनिवारी रात्री बाराला दोन्ही केंद्रं देखभालीसाठी बंद होतात. हवामानवाले तर दहालाच झोपतात. बारा वाजून गेले तरी कावळ्याला झोप येईना. उगीच खात्री करायची म्हणून त्याने घरचा रेडिओ लावला, त्याच जागी.

खरखर.

मग खरखरही थांबली.

ताट ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरं ताट.

"या रे दोघं..."

म्हातारीचा आवाज. कावळ्याने काटा फिरवला. सगळीकडे खरखर. परत त्या जागी आणला.

"भांडू नका... आधी जेवा..."

 कुणी आलं नाही. कुणी ओ दिली नाही.

"बरं... थांबते मी."

त्याने रेडिओचे सेल काढून फेकले.

उजाडताच तो तिच्या घरी धावला. दारात शेजारीण डोळे पुसत उभी होती. म्हातारी आदल्या दिवशी दिवेलागणीलाच गेली होती, रेडिओसमोर बसल्या बसल्या.

दोन्ही मुलगे आले होते. एक पलंगाच्या या बाजूला, एक त्या. उशाशी रेडिओ खरखरत होता. कावळ्याने रात्री ऐकलेलं सगळं सांगितलं.  थोरल्याने हात लांबवून काटा आपल्या केंद्रावर नेला. धाकट्याने आईच्या अंगावरून वाकून रेडिओ बंद केला.

मला त्या म्हातारीची कधी भीती वाटली नाही. त्या दोघांची वाटते.

कावळा बाहेर आला, शिडी लावून वर चढला. आदल्या दुपारी डाख दिलेला तो चकचकीत सांधा...

लालभडक होता. बोट लावलं, तर गंजाची पूड हातात आली.